विनोदी वाढदिवसाची डिझाइन आणि मशीन भरतकाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशीपासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंतच्या वाढदिवसांसाठी "हसू येईल असं काहीतरी भरून द्या" अशी मागणी किनारपट्टीवर आता वर्षभर असते. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी गावी आले की ती एकदम वाढते, कारण घरातली सगळी माणसं तेव्हाच एकत्र सापडतात. भरून घेणारे आणि घरच्या मशीनवर स्वतः भरणारे, दोघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

कुठल्या वाढदिवसाला कुठलं डिझाइन शोभेल?

केक, फुगे आणि मधोमध मोठा आकडा हे कुणाच्याही घरी चालतं, म्हणूनच ते कुणाचंच वाटत नाही. कोकणातल्या माणसाला हसवायचं तर त्याच्या रोजच्या जगण्यातलं काहीतरी हवं.

साठीसाठी माझं सगळ्यात आवडतं डिझाइन म्हणजे आंब्याची पेटी. हापूस डझनाच्या हिशोबाने विकला जातो आणि पाच डझन म्हणजे साठ. लाकडी पेटी, वरच्या गवतातून डोकावणारे दोन आंबे आणि खाली दोन-तीन शब्द : "पाच डझन पूर्ण". देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदाराच्या घरी हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पंचाहत्तरीला हीच पेटी "सव्वासहा डझन" म्हणून भरता येते. पन्नाशीला एकच आंबा, देठासकट, आणि "पिकलो, पण नासलो नाही".

मासेमारीच्या घरात एकसष्टी असेल तर बंदीचा विषय घ्या. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. तीस आणि एकतीस मिळून बरोबर ६१ दिवस. तांडेलाच्या टॉवेलवर निशाण लावलेली होडी आणि "एकसष्ट सरले, बंदी उठली!" हे मालवणपासून हर्णैपर्यंत कुठल्याही बंदरावर लगेच कळतं.

पंचाहत्तरीला एसटी. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. लाल बस, खिडकीतून हात दाखवणारे आजोबा, "आजपासून तिकीट नाही". पासष्टीला हीच बस अर्ध्या भाड्याची सवलत मिळते म्हणून "पुन्हा हाफ तिकीट" होते. ज्यांनी लहानपणी आईच्या मांडीवर बसून हाफ तिकिटाने सावंतवाडी-मालवण केलं आहे, त्यांना हे दोन शब्द फार आवडतात.

चाळिशीला नाकावर घसरलेला चष्मा आणि "चाळिशी लागली" पुरे. काजूवाल्यांच्या घरी कुठल्याही वयाला "टरफल जुनं, गर तोच" चालतं. अठ्ठावन्न हा तसा महत्त्वाचा वाढदिवस मानला जात नाही, पण राज्य सरकारच्या नोकरीत बहुतेकांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी असते, त्यामुळे गुरुजींसाठी शाळेची घंटा आणि "माझ्यासाठी मधली सुट्टी सुरू" असं भरून घेणारे बरेच आहेत.

सहस्रचंद्रदर्शनाला मात्र शब्द कमी ठेवा. हजार पौर्णिमा व्हायला साधारण ८० वर्षं आणि १० महिने लागतात. पूर्ण चंद्र, शेजारी १००० आणि खाली "पुढचा मोजा". "सहस्रचंद्रदर्शन" हा अख्खा शब्द टॉवेलच्या कोपऱ्यात भरायला सांगू नका. त्यातल्या स्र, चं, द्र, र्श यांना ऐसपैस जागा लागते.

विनोद कुठवर न्यायचा? माणूस दुखावला तर?

या सगळ्या कामात मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शुभेच्छांचं कार्ड आठवड्यात रद्दीत जातं. भरलेला टॉवेल मात्र वर्षानुवर्षं दोरीवर वाळत असतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचतो. म्हणून मी एकच गोष्ट विचारते : हा विनोद ते स्वतः स्वतःवर करतात का? आबा स्वतःच "आता आमचं काय, पिकलेला आंबा" म्हणत असतील तर आंबा भरा. त्यांनी आयुष्यात कधी वयाचं नाव काढलेलं नसेल, तर त्यांच्या आवडीवर विनोद करा आणि वयाचा आकडा बारीक ठेवा.

"साठी बुद्धी नाठी" भरून द्या, असं दर हंगामात कुणीतरी सांगतं. ते भरायला मी नाही म्हणते. साठीनंतर विसरायला होतं याची धास्ती पुष्कळांना मनातून असते आणि ती त्यांनी कुणाला सांगितलेली नसते. त्याऐवजी "साठ झाली, तरी पाठ ताठ" भरा. यमक तसंच जमतं आणि माणूस तो टॉवेल खांद्यावर टाकून बाजारात जातो. टक्कल, पोट, आजारपण, कवळी, ऐकू न येणं हे विषयही मी टाळते. अपवाद एकच, त्या व्यक्तीने स्वतः येऊन मागितलं तर.

तापट आजोबांसाठी फणस आहे. "वरून काटे, आत गरे" हे घरातल्यांचंही म्हणणं असतं आणि आजोबांनाही ते मान्य असतं. आजीच्या ऐंशीला एप्रनवर "कालवण अजून माझ्याच हातचं" भरलं तर कौतुकही होतं आणि सुनेला चिमटाही बसत नाही. बाईमाणसाच्या बाबतीत आकडा घालायचा की नाही, हे मुलाला विचारू नका, मुलीला किंवा बहिणीला विचारा.

मालवणीत भरून मिळेल का?

जरूर. "साठ झाली, तरी ताठ आसंय" हे मालवणीत जास्त खुलतं. फक्त वाक्य घरातल्या मोठ्या माणसाकडून कागदावर लिहून आणा. एका घरात "आसंय" लिहितात, दुसऱ्या घरात "आसय". दोन्ही आपापल्या घरी बरोबर असतात. फोनवर ऐकून भरलं तर अनुस्वार कुणाचा, यावर वाढदिवसाच्या दिवशी वाद होतो, आणि भरलेले टाके उसवायला भरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

मराठी अक्षरं मशीनवर गिचमिड का होतात?

कारण अक्षर लहान ठेवलेलं असतं. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याने इंग्रजी अक्षर पाच-सहा मिलिमीटर उंचीचं असलं तरी वाचता येतं. देवनागरीला वर शिरोरेखा आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. तितक्याच उंचीत हे सगळं कोंबलं की धाग्याला जागाच उरत नाही. काना-मात्रा सोडून मूळ अक्षर निदान १२ मिलिमीटर उंच ठेवायचं, असा माझा नेम आहे.

"साठ" हाच शब्द घेऊन बघा. यातला ठ म्हणजे एक वाटोळा आणि आत मोकळी जागा. ठ आठ मिलिमीटरचा भरला तर सॅटिनचे (एकमेकांना लागून घट्ट मारलेले आडवे) टाके दोन्ही बाजूंनी आत सरकतात, मधलं भोक बुजतं आणि शिरोरेखेला एक गोळा लटकल्यासारखा दिसतो. टाके कापडाला आत ओढतात म्हणून पंचिंग करताना, म्हणजे चित्राचे टाके ठरवताना, रेघ थोडी रुंद घ्यावी लागते, त्याला पुल कॉम्पेन्सेशन म्हणतात. पण रेघ रुंद केली की भोक आणखी लहान होतं. म्हणून ठ, ळ, श अशी आत पोकळी असलेली अक्षरं पडद्यावर आधी सैल, जरा जास्तच मोकळी दिसायला हवीत. कापडावर ती बरोबर बसतात. "चाळिशी"तल्या ळच्या दोन वाट्यांचंही तेच.

अनुस्वाराचा टिंब एक मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तिथे सुई एकाच जागी आपटत राहते, धागा तुटतो किंवा कापडाला भोक पडतं. दीड मिलिमीटरचा टिंब ठेवा. शिरोरेखा प्रत्येक अक्षरावर तुकड्या-तुकड्याने भरू नका. अक्षरं झाली की शेवटी संपूर्ण शब्दावरून एका दमात भरा, म्हणजे ती वाकडी होत नाही आणि अक्षरांची वरची टोकंही झाकली जातात.

आणि शब्द कमी करा. विनोद तीन-चार शब्दांत बसत नसेल तर तो कापडासाठी नाही, भाषणासाठी आहे.

माझ्या मशीनमध्ये मराठी अक्षरंच नाहीत. काय करू?

बहुतेक घरगुती मशीनमध्ये ती नसतात. इंकस्केप आणि त्यावर चालणारं इंकस्टिच ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. युनिकोडमध्ये मजकूर टाइप करायचा, मुक्ता किंवा बलूसारखा मोकळा, ठसठशीत फॉन्ट निवडायचा, मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे रेघांच्या आकारांत, रूपांतर करायचं आणि मग टाके ठरवायचे. मुक्ता आणि बलू खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे विकण्याच्या कामालाही चालतात. बारीक-जाड रेघांचे सुलेखनी फॉन्ट पडद्यावर देखणे दिसतात, पण कापडावर त्यांची बारीक टोकं विरून जातात.

आपोआप पंचिंग करणारं बटण चित्रासाठी एक वेळ चालेल. मराठी अक्षरांसाठी ते वापरू नका. त्याला वेलांटी कुठे संपते आणि अक्षर कुठे सुरू होतं हे कळत नाही.

विकत घेतलेलं डिझाइन लहान-मोठं करता येतं का? आणि फाइल कुठली घ्यायची?

दहा टक्क्यांपर्यंत निर्धास्त करा, वीस टक्क्यांपर्यंत तपासून करा. त्यापुढे टाक्यांची संख्या नव्याने मोजली जात नसेल तर लहान केलेलं डिझाइन पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि मोठं केलेल्यातून खालचं कापड दिसतं. घेतानाच आपल्या रिंगच्या, म्हणजे कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, मापाचं घ्या. घरगुती मशीनला बहुधा १०० गुणिले १०० किंवा १३० गुणिले १८० मिलिमीटरची रिंग असते.

ब्रदरला पीईएस, जनोमला जेईएफ, कारखान्यातल्या मोठ्या मशीनना डीएसटी. डीएसटीमध्ये रंगांची माहिती साठवली जात नाही. त्यामुळे आंबा पडद्यावर निळा दिसला तर घाबरू नका, सोबतच्या रंगांच्या यादीप्रमाणे रीळ लावा. यादी नसेल तर विकणाऱ्याकडून मागून घ्या.

परदेशी साइटवरचे चाळीस-पन्नासचे विनोद आपल्याकडे फारसे लागत नाहीत. त्यातलं चित्र घ्यावं आणि शब्द आपले घालावेत, पण परवान्यात बदल करायला आणि भरून विकायला परवानगी आहे ना, हे आधी वाचा.

कुठल्या वस्तूवर भरावं? सत्काराच्या शालीवर चालेल का?

शालीवर नको. साठीशांत, भीमरथी शांत किंवा सहस्रचंद्रदर्शन हे घरात धार्मिक विधी म्हणून होतात. भटजींसमोर अंगावर घ्यायच्या शालीवर एसटी आणि हाफ तिकीट शोभत नाही. तिथे हवं तर नाव आणि नुसता आकडा भरा. विनोद टॉवेल, पंचा, एप्रन, उशीचा अभ्रा, बाजाराची पिशवी आणि टी-शर्ट यांवर ठेवा. विधी सकाळी, टॉवेल दुपारी जेवणं झाल्यावर. हा क्रम सगळ्यांना सोयीचा पडतो.

टोपीची पट्टी अरुंद असते. तिथे आकडा आणि एक लहान चित्र, एवढंच. सगळ्या नातवंडांच्या टोप्यांवर "आबांची पलटण" आणि आबांच्या टोपीवर "७५" हे मात्र फोटोत झकास दिसतं.

टॉवेलवर भरलेली अक्षरं बुडाल्यासारखी का दिसतात?

टॉवेलच्या उभ्या मऊ धाग्यांमधून टाके खाली जातात. वरून पाण्यात विरघळणारी फिल्म अंथरा, मगच भरा. खाली बॅकिंग, म्हणजे कापडाला आधार देणारं अस्तर, लागतंच.

मी टॉवेल रिंगमध्ये दाबून बसवत नाही, कारण जाड काठाचा वळ उठतो आणि लवकर जात नाही. रिंगमध्ये फक्त बॅकिंग ताणून लावायचं, त्यावर टॉवेल ठेवून कडेने टाचून घ्यायचा आणि वर फिल्म. अक्षरांच्या आधी, त्यांच्या आजूबाजूच्या भागावर टॉवेलच्याच रंगाच्या धाग्याने विरळ टाके फिरवून घेतले की ते उभे धागे दबतात आणि अक्षरं वर उठून दिसतात. काम झालं की फिल्म हाताने फाडून काढा. आकड्याच्या पोटात उरलेले तुकडे ओल्या कापसाने टिपा. लगेच बादलीत बुडवायची गरज नाही.

टी-शर्टवर भरल्यावर चुण्या पडतात.

होजिअरीचं कापड रिंगमध्ये ताणून बसवलेलं असतं. रिंग काढली की ते परत आखडतं आणि टाके मात्र तसेच राहतात. न ताणता बसवा, खाली कापून काढायचं बॅकिंग लावा, फाडून काढायचं नको. सुई गोल टोकाची, ७५/११. सुती कापड असेल तर आधी एकदा धुऊन घ्या, कारण नंतर ते आटतं आणि पॉलिएस्टरचा धागा आटत नाही.

छातीवर भरगच्च मोठा आंबा भरला तर तो भाग पुठ्ठा होतो आणि उकाड्यात कुणी तो घालत नाही. मोठ्या आकारांसाठी अॅप्लिक करा. मशीन आधी जागा दाखवणारी रेघ मारते, त्यावर पिवळ्या कापडाचा तुकडा ठेवायचा, मशीन तो टाचते, कडेने जादा कापड कापायचं आणि मग सॅटिनची किनार. सहस्रचंद्रदर्शनाचा चंद्र मी असाच करते, फिकट पिवळसर सुती तुकड्याचा. टाके कमी लागतात आणि कापड अंगाला मऊ लागतं.

पावसाळ्यात काय जपायचं?

पुष्कळ काही. जून ते सप्टेंबर इथल्या हवेतला ओलावा आणि खारा वारा भरतकामाच्या मुळावर येतो.

सुईपासून सुरुवात करा. मशीनमध्ये आठवडाभर तशीच राहिलेली सुई बारीक गंजते आणि पांढऱ्या पंचावर पहिल्याच टाक्याला तपकिरी ठिपका पडतो. काम संपलं की सुई काढून तेलकट कागदात ठेवा. पाण्यात विरघळणारी फिल्म उघड्यावर ठेवली तर ती दमट हवेनेच मऊ पडून चिकटते, तिला घट्ट झिपची पिशवी हवी. रिळं झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रेयॉनचा धागा ओला झाला की कमजोर होतो, म्हणून पावसाळ्यात आणि रोज धुतल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी पॉलिएस्टर वापरा.

कापड हाताला कोरडं लागलं तरी त्यात ओल असते. रिंगला लावण्याआधी इस्त्री फिरवून ती घालवा, नाहीतर भरल्यावर सुकताना कडेने चुण्या येतात. काम नसलं तरी मशीन अधूनमधून थोडा वेळ चालवा.

मध्येच लाइट गेली तर?

कापड रिंगमधून काढू नका आणि रिंग मशीनवरून हलवू नका. बऱ्याच मशीन थांबल्या जागेवरून पुढे चालू करता येतात. लाइट आली की पाच-दहा टाके मागे जाऊन सुरू करा. तुमच्या मशीनला ही सोय नसेल तर पडद्यावरचा टाक्यांचा आकडा अधूनमधून वहीत लिहीत जा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर साधा यूपीएस घ्या.

जन्मतारीख १ जून आहे, पण खरी नाही. काय भरायचं?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून हीच तारीख लिहिली, त्यामुळे एकाच वाडीत डझनभर लोकांचा वाढदिवस त्या दिवशी येतो. तारीख भरू नका. वय भरा किंवा वयाचा प्रसंग भरा. आणि घरात तिथीने काय धरतात तेही विचारा : एकसष्टी साठ पूर्ण झाल्यावर, एकसष्टावं लागताना करतात. "६०" भरायचं की "६१" यावर घरातल्यांचं एकमत झाल्याशिवाय मशीन चालू करू नका.

तसं, याच गोष्टीचा सुंदर विनोद होतो. "सरकारी वाढदिवस १ जून, खरा आईला ठाऊक." ज्यांची आई अजून आहे त्यांच्यासाठीच भरा.

कार्टूनमधलं पात्र, नटाचा चेहरा किंवा एखादं बोधचिन्ह भरून द्याल?

नाही. ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. लाल बस काढता येते, महामंडळाचं चिन्ह काढायची गरज नाही.

ऑर्डर किती आधी द्यायची? आणि पंचिंगचे पैसे वेगळे का?

गणपतीसाठी श्रावण लागण्याआधी, मे महिन्यासाठी होळीपर्यंत. एरवी पंधरा दिवस पुरतात.

पंचिंग म्हणजे चित्राचे टाके ठरवणं : कुठून सुरुवात, कुठली दिशा, कुठे किती घट्ट. हे काम माणूस बसून करतो आणि ते एकदाच होतं. म्हणून एक टॉवेल महाग वाटतो आणि वीस टॉवेल स्वस्त पडतात. भरायला लागणारा वेळ काढणं सोपं आहे. १२,००० टाक्यांचं डिझाइन मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने नुसतं भरायलाच २० मिनिटं घेतं. रंग बदलणं, रिंग लावणं, धागे कापणं वेगळं. रंग कमी ठेवले तर दर खाली येतो. होडी तीन रंगांतही छान दिसते.

पहिला नमुना नेहमी तशाच जुन्या कापडावर काढून बघा आणि उलटा करून तपासा. सॅटिनच्या पट्टीत मागे मधोमध साधारण एक तृतीयांश पांढरा बॉबिनचा (खालचा) धागा दिसला तर ताण बरोबर आहे.

धुणं आणि इस्त्री?

उलटं करून धुवा, सावलीत वाळवा. इस्त्री मागच्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. धागा सुटलेला दिसला तर ओढू नका आणि कापूही नका. सुईने मागच्या बाजूला घ्या आणि तिथे गाठ मारा.